ओरडेल त्याचं मशीन

ग्रिम्स्बीच्या मासळी गोदीत, दुसऱ्या मजल्यावर,
झाडू-बादलीच्या कपाटात सापडलं ते:
बुटाच्या खोक्याएवढं, राखाडी,
पंख्यात म्हाताऱ्या मांजराची घरघर.
ना यादीत, ना नकाशात.
वर चिकटपट्टी: बंद करू नका. ट्रेव्हर.

ट्रेव्हर स्टॅम्प निवृत्त होऊन लाउथला गेला
आणि तिथेच वारला,
पासवर्ड सोबत घेऊन.

मी पिंग केलं. त्यानं ओ दिली.
आत येऊ का विचारलं, तर दार लावून घेतलं.
छताच्या फळ्या उचलून तारेचा माग काढला,
ती स्विचच्या चोविसाव्या भोकात शिरत होती,
पुढे सगळा गुंता एकाच रंगाचा.
लॉगमध्ये एवढंच: रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
हे कुणाशी तरी बोलतं,
तीन-चार ओळी, की पुन्हा गप्प.

आमच्या धंद्यात यावर एक अडाणी उपाय आहे,
पुस्तकात नसतो, करतात सगळे:
वायर उपटायची आणि कान देऊन बसायचं.
कसेल त्याची जमीन,
ओरडेल त्याचं मशीन.

मंगळवारी उपटली.

बुधवारी लिलावाचा पडदा गोठला. धावलो.
दुखणं निराळंच: एकाच केबलची दोन्ही टोकं
कुणीतरी एकाच स्विचला खोचलेली,
आणि नेटवर्क स्वतःशीच बडबडून बेजार.
गुरुवारी योलांता ओरडली, तीही भलत्याच कारणानं,
लेबलचा प्रिंटर हॅडॉकला कॉड म्हणत होता.
शुक्रवारी कुणी नाही.
भंगाराच्या फॉर्मवर मी आडनावापर्यंत सही केली,
तेवढ्यात फोन वाजला म्हणून तारीख राहिली.

शनिवारी फाटकाशी एक म्हातारा.
क्लिफर्ड ब्रॉकल्सबी. आइसलंडच्या पाण्यात
बावीस वर्षं ट्रॉलरवर काढलेली.
एका हातात टोपी, दुसऱ्यात कोरा कागद.
ओरडला नाही.
म्हणाला, खलाशांच्या खोलीतला प्रिंटर
चार दिवस मुका आहे.
रोज सकाळी भरतीच्या वेळा यायच्या.
ट्रेव्हर पाठवायचा.

ट्रेव्हर वारला, मी म्हणालो.

ठाऊक आहे, शवपेटीला हात लावायला मी होतो.
तरी पाठवायचा.

आता समुद्रात कोण जातं तुमच्यातलं?
कुणी नाही. सहा जण आहोत, चहाला जमतो.
कालचा कागद काढतो, आजचा लावतो.

माझा बाप देवगडला
तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचा,
बोटांच्या पेरांवर, जाळं विणता विणता.
इथे आलो त्या पहिल्या वर्षी मीही करून पाहिली होती.
चांगला सहा तास चुकलो,
आणि धक्क्याच्या कडेला उभा राहून
अर्धा रविवार चिखल बघितला.
हे कुणाला सांगितलं नव्हतं. क्लिफर्डला सांगितलं.
तो हसला नाही, म्हणाला, चंद्र तोच रे,
पण तळ वेगळा.

वायर लावली.
पंखा खोकला, थांबला, माझ्या पोटात गोळा,
मग घरघर.
मधल्या चार दिवसांचे कागद मात्र आले नाहीत.
त्या भरत्या येऊन गेल्या होत्या,
कुणी न लावताच.

नव्या यादीत रकाने आहेत.
उपयोग: भरती-ओहोटी.
महत्त्व: जास्त, मध्यम, कमी. कोरं ठेवलं.
मालक: इथे ऑडिटवाल्यांना विभागाचं नाव लागतं.
मी लिहिलं, क्लिफर्ड ब्रॉकल्सबी,
सकाळी दहानंतर भेटतो, साखर दोन चमचे.

ट्रेव्हरच्या पट्टीखाली माझी पट्टी लावली.
मराठीत लिहून बसलो, का कोण जाणे.
पुढच्याला वाचता येणार नाही.
बरंच आहे. उपटण्याआधी
कुणाला तरी विचारेल.